सरफोजीराजांचा छापखाना



यंदाच्या बैठकीत स्मरणिका छापावी की नको, यावर बराच खल झाला. गेल्या वर्षी आपल्या अंकात जोडाक्षरे फुटली, काही देणगीदारांच्या नावांतले काने-मात्रे गळले. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला मराठी येत नव्हते, आणि प्रूफ तपासायला आपल्यातलेही कोणी वेळेवर गेले नाही. पोरे तमिळ आणि इंग्रजी वाचतात, मग हा मराठी अंक कोणासाठी, असाही प्रश्न निघाला. मी त्या दिवशी गप्प बसलो. आज त्याचे उत्तर म्हणून एका राजाची हकिगत सांगतो.

तिरुक्करुगावूरला गर्भरक्षांबिकेच्या दर्शनाला आपल्या घरची मंडळी जातातच. तिथून तंजावर वीसेक किलोमीटरवर आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या वंशजांनी तिथे पावणेदोनशे वर्षे गादी सांभाळली. त्या गादीवरचे दुसरे सरफोजीराजे यांचा जन्म १७७७ सालचा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये, मरणापूर्वी थोडेच दिवस आधी, या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. पण गादी चुलते अमरसिंह यांच्याकडे गेली आणि मुलगा वाड्यात अडकून पडला. श्वार्ट्झने खटपट करून त्याला बाहेर काढले. १७९३ मध्ये त्याला मद्रासला पाठवले आणि तिथे त्याचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये सरफोजीराजे गादीवर बसले. ते पाहायला गुरू राहिले नव्हते, श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते.

पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये कंपनी सरकारशी तह झाला. मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पागोडे आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. आपले तिरुक्करुगावूर आणि कुंभकोणमही तेव्हाच कंपनीच्या अमलाखाली आले. राजांचे वय होते बावीस. सैन्य नाही, वसुली नाही, न्यायनिवाडा नाही. अशा वेळी माणूस एकतर रंगमहालात रमतो किंवा कुढत बसतो. सरफोजीराजांनी ग्रंथ जमवले, शाळा काढल्या आणि छापखाना घातला.

बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा भला मोठा मराठी शिलालेख आहे. तो त्यांनीच १८०३ मध्ये कोरवून घेतला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ बोट फिरवत वाचत उभा होतो. पण दगड एका जागी राहतो, वाचणाऱ्याला त्याच्यापाशी जावे लागते. शाळेतल्या मुलाच्या हातात द्यायला पुस्तकच हवे. १८०५ च्या सुमारास राजांनी वाड्यात देवनागरी अक्षरांचे हातछाप यंत्र बसवले. नवविद्याकलानिधी हे त्याचे नाव. दक्षिणेतील देवनागरीचा पहिला छापखाना म्हणून तो ओळखला जातो.

याच मुलखात तरंगंबाडीला डॅनिश मिशनने शंभर वर्षांपूर्वीच तमिळ छपाई सुरू केली होती, आणि श्वार्ट्झही आधी तिथेच होते. पण देवनागरीचे काम वेगळे आणि किचकट. काना, मात्रा, वेलांटी, रफार, शिवाय जोडाक्षरे. प्रत्येकाचा उलटा ठसा हवा. ते एकेक वेचून ओळ लावायची, ओळींचे पान बांधायचे, शाई लावून दाबायचे, चूक दिसली की पुन्हा सोडायचे. आजच्या संगणकावरही आपली जोडाक्षरे फुटतात. तेव्हा तमिळ मुलखाच्या मधोमध हे काम किती जिकिरीचे असेल, याची कल्पना करावी.

आणि एवढे करून पहिल्या पुस्तकांत छापले काय? मुलांसाठी इसापच्या गोष्टी! सख्खन पंडिताकडून इंग्रजीवरून मराठी करवून घेतलेली ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ मध्ये छापून झाली. बंगालमध्ये सेरामपूरला कॅरेसाहेबांचे मराठी व्याकरण त्याच्या आदल्याच वर्षी निघाले होते, पण ते मराठी शिकणाऱ्या साहेबांसाठी. मुंबईत गणपत कृष्णाजींचे छापील पंचांग यायला १८३१ साल उजाडले. १८०९ मध्ये तंजावरला एकनाथांच्या भावार्थरामायणाचे युद्धकांड छापले गेले. पैठणच्या नाथांची ओवी कावेरीकाठी छापली गेली, हे वाचून मला फार बरे वाटले होते. राजांनी स्वतःही लिहिले. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात त्यांनी जगाचा भूगोल सांगितला आहे, आणि तोही भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडून. नाट्यप्रकार तमिळ, भाषा मराठी, ज्ञान युरोपातले.

हा छापखाना फार मोठा झाला नाही. मोजकीच मराठी आणि संस्कृत पुस्तके तिथे निघाली. पण ग्रंथांचा नाद राजांना शेवटपर्यंत होता. १८२० मध्ये ते काशीयात्रेला निघाले, तेव्हा तिथूनही त्यांनी हस्तलिखिते आणली. युरोपी भाषांतली हजारो पुस्तके घेतली, कित्येकांवर त्यांची सही आहे. १८३२ मध्ये ते वारले. १८५५ मध्ये पुत्र शिवाजीराजे गेल्यावर कंपनीने गादीही खालसा केली. सरस्वती महाल ग्रंथालय मात्र टिकले. १९१८ पासून ते सर्वांना खुले आहे.

आपण सांगली-साताऱ्याकडून सोने गाळायला इथे आलो. आपल्याकडे ना राज्य, ना पंडित. पण वर्षातून एकदा चाळीस-पन्नास पाने छापण्याइतकी वर्गणी निश्चित जमते. राजांनी खिळा खिळा जुळवला, मग आपल्याला दोन दिवस प्रूफ वाचायला काय हरकत आहे? म्हणून माझी विनंती आहे की स्मरणिका बंद करू नये. छपाईआधी तिघांनी प्रत्येक पान वाचावे. पुढील वर्षापासून चार पाने मुलांसाठी ठेवावीत, मुलांनी स्वतः मराठीत लिहिलेली, चुकांसकट. आणि अंक मंडळाच्या कपाटात न ठेवता प्रत्येक घरी एक याप्रमाणे मुलांच्या हातूनच वाटावा. वाटताना त्यांना निदान दारावरचे आडनाव तरी मराठीत वाचावे लागेल.

प्रूफ वाचणाऱ्या तिघांत माझे नाव आजच लिहून घ्यावे.

गणपती बाप्पा मोरया!