जे. पी. नाईक आणि अर्धवट राहिलेली शेजारशाळा

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली ज्या कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्याच जिल्ह्यातील बहिरेवाडीत १९०७ साली जे. पी. नाईक जन्मले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगून ते शिक्षणकार्यात उतरले.

राज्यघटनेच्या कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणासाठी घातलेली दहा वर्षांची मुदत १९६० साली उलटली. १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव नाईक होते. १९६६ च्या अहवालाने वीस वर्षांचा आराखडा मांडला. १९७५-७६ पर्यंत प्रत्येक मुलाला पाच वर्षांचे, १९८५-८६ पर्यंत सात वर्षांचे चांगले शिक्षण, आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च.

आराखड्याचा प्राण मात्र शेजारशाळा हा होता. वस्तीतील साहेबाचे आणि सफाई कामगाराचे मूल एकाच सार्वजनिक शाळेत बसेल, तरच सत्ताधाऱ्यांना त्या शाळेची काळजी वाटेल, हे त्यामागचे साधे गणित.

१९६८ च्या धोरणाने सहा टक्के स्वीकारले, समान शाळेची भाषाही केली. दोन्ही कागदावरच राहिले. नाईकांनी अखेरच्या काळात आपल्याच आयोगाच्या अपयशाची निर्भीड चिकित्सा केली. १९८१ साली ते गेले.

२००९ च्या कायद्याने खाजगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांना २५ टक्के जागा दिल्या. पण बाकीची आपली मुले कुठे बसतात? त्या जागांसाठी जरूर भांडू या. पण खरी लढाई सरकारी शाळेची आहे, हे विसरू नका!