डेनिस जॉन्सन
डेनिस वेन जॉन्सन (१८ सप्टेंबर, १९५४ – २२ फेब्रुवारी, २००७) हे अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक होते. ‘डीजे’ या नावाने ते ओळखले जात. राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या (एनबीए) स्पर्धेत ते १४ हंगाम गार्ड या जागेवर खेळले. प्रतिस्पर्धी संघाच्या प्रमुख गार्डला जखडून ठेवणारा बचाव हे त्यांचे वैशिष्ट्य होते.

सुरुवातीचे जीवन
जॉन्सन यांचा जन्म कॅलिफोर्नियात झाला. सोळा भावंडांत ते आठवे. वडील गवंडीकाम करीत. शाळेत असताना उंची कमी असल्यामुळे त्यांना संघात फारशी संधी मिळाली नाही. शालेय शिक्षणानंतर ते फोर्कलिफ्ट चालवण्यासारखी किरकोळ कामे करू लागले. याच काळात त्यांची उंची झपाट्याने वाढली. भावांबरोबर स्थानिक सामने खेळताना एका प्रशिक्षकाच्या नजरेस पडल्याने त्यांना लॉस एंजेलस हार्बर महाविद्यालयात व पुढे पेपरडाइन विद्यापीठात प्रवेश मिळाला. १९७६ साली सिएटल सुपरसॉनिक्सने त्यांना दुसऱ्या फेरीत निवडले.

सिएटल
१९७८ च्या अंतिम मालिकेत सिएटलची गाठ वॉशिंग्टन बुलेट्सशी पडली. सातव्या व निर्णायक सामन्यात जॉन्सन यांनी चालू खेळात १४ वेळा चेंडू बास्केटकडे फेकला, परंतु तो एकदाही आत गेला नाही. सिएटलने विजेतेपद गमावले. एखाद्या तरुण खेळाडूची कारकीर्द अशा सामन्याने झाकोळली असती. मात्र पुढच्याच वर्षी याच दोन संघांत अंतिम मालिका झाली, सिएटलने ती ४-१ अशी जिंकली आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जॉन्सन यांना मिळाला.

तरीही प्रशिक्षक लेनी विल्केन्स यांच्याशी त्यांचे पटेनासे झाले. १९८० मध्ये पॉल वेस्टफाल यांच्या बदल्यात त्यांना फीनिक्स सन्सकडे धाडण्यात आले. तेथे ते तीन हंगाम खेळले. सोबत काम करण्यास अवघड खेळाडू, असा शिक्का तोवर त्यांच्यावर बसला होता.

बॉस्टन
१९८३ साली बॉस्टन सेल्टिक्सने राखीव सेंटर रिक रोबी यांना देऊन जॉन्सन यांना मिळवले. फिलाडेल्फियाच्या अँड्र्यू टोनी यांच्यासारख्या गार्डना रोखू शकेल असा खेळाडू बॉस्टनला हवा होता. हा सौदा पुढे कमालीचा एकतर्फी ठरला.

१९८४ च्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलस लेकर्सने तिसरा सामना १३७-१०४ असा जिंकला. त्यानंतर मॅजिक जॉन्सन यांना रोखण्याची जबाबदारी डेनिस जॉन्सन यांच्याकडे आली. मोक्याच्या क्षणी मॅजिक यांच्या हातून चुका होऊ लागल्या व बॉस्टनने मालिका ४-३ अशी जिंकली. १९८६ मध्ये बॉस्टन पुन्हा विजेता झाला. १९८७ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध अखेरच्या काही सेकंदांत लॅरी बर्ड यांनी प्रतिस्पर्ध्यांचा पास पळवला. चेंडू हिसकावला जाताच जॉन्सन बास्केटकडे धावले होते, म्हणूनच बर्ड यांच्या पासवर विजयी गुण नोंदवता आले. ही धाव त्या प्रसंगाच्या वर्णनांत अनेकदा वगळली जाते.

सन्मान व निधन
१९७९ ते १९८७ अशी सलग नऊ वर्षे एनबीएच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या संघांत त्यांची निवड झाली. १९९० मध्ये ते निवृत्त झाले. बॉस्टनने त्यांचा ३ हा क्रमांक अन्य कोणालाही न देण्याचा निर्णय घेतला. आपण ज्यांच्यासोबत खेळलो त्यांत जॉन्सन सर्वोत्तम, असे बर्ड यांचे मत होते. तरीसुद्धा बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश होत नव्हता.

२००७ साली ऑस्टिन टोरोस या संघाचे प्रशिक्षक असताना, सरावानंतर हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हॉल ऑफ फेमचा सन्मान त्यांना २०१० मध्ये मरणोत्तर देण्यात आला.