लक्ष्मणराव किर्लोस्कर : कामगार घडवणारे मास्तर



अभ्यासात मागे पडलेल्या मुलालाच आयटीआयला घालायचं, हुशार मुलाला नाही, असं आपण अगदी सहज बोलून जातो. म्हणूनच लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही बाजू मुद्दाम सांगावीशी वाटते. उद्योगपती म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत, पण आधी ते आपल्यासारखेच मास्तर होते!

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना, चित्रकलेची मात्र आवड. थोरले भाऊ रामूअण्णा यांच्या पाठिंब्याने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे दोनेक वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. झालं, चित्रकार होणं संपलं. मग यंत्रांची रेखाटनं शिकले, कारण तिथे रंग लागत नव्हते. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याची नोकरी मिळाली. तिथल्या कार्यशाळेत यंत्रं उघडून, जोडून ते स्वतःही शिकत राहिले. बढतीत डावललं गेलं तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे नांगर दोन वर्षं खपलेच नाहीत. पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागाही सोडायला लावली.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तेव्हा कुंडल रोड स्टेशनजवळ (आजचा सांगली जिल्हा) ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. १९१० साली त्या निवडुंगाच्या, सापांच्या रानात किर्लोस्करवाडी सुरू झाली.

आता खरा प्रश्न. तिथे कामाला माणसं कुठली? आजूबाजूच्या गावांतली, शेतात राबणारी. यंत्राची ओळख नाही, अनेकांना अक्षरओळखही नाही. तयार कारागीर त्या माळावर कुठून मिळणार? मग माणसं कारखान्यातच शिकवून तयार करावी लागली. आता ओतकामच घ्या. लाकडी नमुन्यावर वाळू ठोकून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. वाळू जास्त ओली राहिली तर वाफ कोंडते आणि फाळाला भोकं पडतात. हे फळ्यावर लिहून समजत नाही, वाळू मुठीत दाबून बघावी लागते. शेतकऱ्याच्या हाताला मातीचा ओलावा आधीच कळत असतो, हे आपण विसरतो.

त्यांचे सोबतीही बघा. शंभूअण्णा जांभेकर तिथले कसबी इंजिनीअर झाले. शाळेत यश न मिळालेले अनंतराव फळणीकरही कल्पक इंजिनीअर म्हणून नावाजले. आणि तुकाराम रामोशी, पिऱ्या मांग? दोघेही शिक्षा भोगून आलेले, म्हणजे दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नसतं. लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडे राखणदारीच सोपवली! वस्तीत शिवाशिव पाळायची नाही, हाही त्यांचा आग्रह. मला तर नांगरापेक्षा हे काम जास्त अवघड वाटतं.

नांगरानंतर उसाचे चरक आले, शेंगा फोडायची यंत्रं आली, पुढे पंप आणि इंजिनं. बहुतेक सगळा माल शेतकऱ्याच्या कामाचा. म्हणजे वापरणारा आणि बनवणारा एकाच मुलखातला. नांगर कुठे अडतो हे कामगाराला वेगळं सांगावं लागत नसणार. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आला, तोही याच कारखान्यात. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना कारागिरांसोबत शिकण्याची सोय सुचवली आहे. त्या दिवसांत गावातल्या वेल्डरकडे, सुताराकडे मुलांना न्यायचं असेल, तर आदल्या दिवशी ही गोष्ट वर्गात सांगा. आणि पहिल्या बाकावरच्या मुलांनाही न्या बरं का.