साडेपाचचा पॉइंटर आणि दोन मैदानं

सेमिस्टरचा रिझल्ट लागला की हॉस्टेलमध्ये दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, आपला पॉइंटर सगळ्या मजल्यांवर सांगत फिरणारी. दुसरी, कोणी विचारू नये म्हणून मेसमध्ये सगळ्यात शेवटी जेवायला येणारी. हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या मित्रमैत्रिणींसाठी आहे. पहिल्या प्रकारच्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण पुढच्या सेमचं कोणी सांगावं!

मी ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे, त्याचा कसोटी क्रिकेटमधला पॉइंटर बरोब्बर ५.५० आहे. तीन कसोट्या, सहा डाव, ३३ धावा. आकडा इथेच संपतो, माणूस मात्र संपत नाही. त्यांचं नाव खंडेराव मोरेश्वर रांगणेकर. क्रिकेटवाले त्यांना खंडू रांगणेकर म्हणून ओळखतात, आणि बॅडमिंटनवालेही. गंमत इथेच आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे मराठीत चार पानं लिहायची म्हटलं की हात जरा जड होतो. पण हा विषय मला इंग्लिशमध्ये लिहावासाच वाटला नाही. आपल्याच भागातला माणूस, आपल्या भाषेत सांगितलेला बरा.

रांगणेकरांचा जन्म मुंबईत २७ जून १९१७ चा. डावखुरे फलंदाज, आक्रमक खेळणारे. पण जुने लोक त्यांच्या फलंदाजीच्या आधी त्यांच्या फील्डिंगचं नाव घेतात. कव्हरला उभा राहिलेला हा माणूस त्या काळातल्या देशातल्या उत्तम क्षेत्ररक्षकांपैकी एक. तेव्हा फील्डिंग म्हणजे बॅटिंग झाल्यावर करायचं एक काम असं समजणारे खूप होते. त्या दिवसांत रांगणेकर चेंडूवर झेपावत होते.

आता एक साधा हिशेब करून बघा. ऑगस्ट १९३६ ते जून १९४६ या काळात भारताने एकही कसोटी खेळली नाही. मध्ये दुसरं महायुद्ध झालं. म्हणजे रांगणेकर एकोणीस वर्षांचे असल्यापासून जवळजवळ एकोणतीस वर्षांचे होईपर्यंत देशासाठी कसोटी खेळायची संधी कोणालाच नव्हती. फलंदाजाची ऐन उमेदीची दहा वर्षं अशी गेली. आपल्याकडे एक ड्रॉप लागला तरी घरी रडारड होते. इथे तर अख्ख्या पिढीला ड्रॉप लागला होता, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता.

पण म्हणून कोणी बॅट माळ्यावर टाकली नाही. रणजी सामने चालू होते, मुंबईत पंचरंगी सामन्यांना तुफान गर्दी व्हायची. रांगणेकर मुंबईकडून धावा काढत राहिले. आणि त्यांच्याकडे दुसरा खेळ होताच. मुंबईचा पाऊस आपल्याला माहीतच आहे. जूनमध्ये तो आला की मैदानांची तळी होतात. भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग १९४८ मध्ये सुरू झाली. त्याआधी क्रिकेटवाल्यांचे पावसाळ्याचे महिने तसे रिकामेच. अशा गावात छपराखाली खेळता येणारा बॅडमिंटनसारखा खेळ असणं म्हणजे केवढी सोय! रांगणेकर त्या खेळातही वरच्या दर्जाचे खेळाडू होते. आणि बॅडमिंटन काही परका खेळ नाही. ज्या खेळातून आजचं बॅडमिंटन घडलं, तो ब्रिटिश अधिकारी एकोणिसाव्या शतकात पुण्यात खेळायचे, आणि त्याचं एक जुनं नावच ‘पूना’ असं होतं.

इंजिनिअरिंगवाल्यांनी इथे थोडं लक्ष द्यावं. शटलकॉकला १६ पिसं असतात आणि नियमाप्रमाणे त्याचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. क्रिकेटच्या चेंडूचं वजन कमीत कमी साडेपाच औंस, म्हणजे जवळजवळ १५६ ग्रॅम. (दोन्हीकडे साडेपाच! रांगणेकरांच्या मागे हा आकडा हात धुऊन लागला होता असं दिसतं.) चेंडू शटलच्या जवळपास तीसपट जड. शटल रॅकेटवरून सुटतं तेव्हा प्रचंड वेगात असतं आणि हवेचा अवरोध त्याला काही क्षणांत मंद करतो. चेंडूचा वेग एवढा पडत नाही. म्हणजे एका खेळात लागलेली टायमिंगची सवय दुसऱ्या खेळात सरळ फसवणारी. पण काही गोष्टी दोन्हीकडे चालतात. मनगट, पहिलं पाऊल आणि समोरच्याच्या हाताकडे बघून फटका ओळखणारी नजर. नेटजवळ उभा राहिलेला बॅडमिंटनपटू आणि कव्हरला उभा राहिलेला क्षेत्ररक्षक यांचं काम एकच. डोकं विचार करायच्या आत पाय हलले पाहिजेत. रांगणेकरांची फील्डिंग एवढी चपळ का होती, याचं माझ्यापुरतं उत्तर मला इथे मिळालं.

शेवटी १९४७ साल उजाडलं. देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी भारताचा संघ पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाला. विजय मर्चंट, मुश्ताक अली, रूसी मोदी हे मोठे फलंदाज गेलेच नाहीत. फाळणी झाली आणि फझल महमूद पाकिस्तानात राहिले. लाला अमरनाथ कप्तान झाले. या संघात रांगणेकर होते. वय तीस पूर्ण.

२८ नोव्हेंबर १९४७ ला ब्रिस्बेनमध्ये पहिली कसोटी सुरू झाली. समोर ब्रॅडमन, त्यांनी १८५ ठोकल्या. मग पाऊस आला. तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत. ओल्या, चिकट खेळपट्टीवर भारताचे डाव ५८ आणि ९८ वर आटोपले. टोशॅक नावाच्या डावखुऱ्या गोलंदाजाने पहिल्या डावात अवघ्या २ धावांत ५ बळी घेतले. रांगणेकरांच्या धावा १ आणि ०. मेलबर्नच्या तिसऱ्या कसोटीत ६ आणि १८. ॲडलेडच्या चौथ्या कसोटीत ८ आणि ०. याच ॲडलेडला विजय हजारेंनी दोन्ही डावांत शतकं काढली आणि दत्तू फडकरांनीही शतक केलं. म्हणजे खेळपट्टी फलंदाजाला साथ देणारी होती, आपल्याच संघातले लोक शतकं काढत होते, आणि आपण मात्र आठ आणि शून्य. पावसावर ढकलायची सोयही उरली नाही. हे दुःख ब्रिस्बेनपेक्षा मोठं असणार असं मला वाटतं. सगळा वर्ग नापास झाला तर आपल्याला एवढं लागत नाही, शेजारचा डिस्टिंक्शनमध्ये आला की लागतं.

मालिका भारत ४-० ने हरला. रांगणेकर पुन्हा कधी कसोटी खेळले नाहीत. दहा वर्षं वाट पाहिली आणि दोन महिन्यांत सगळं संपलं.

गोष्ट इथे थांबली असती तर मी हा लेख लिहिला नसता. परत आल्यावर हा माणूस पुढची अनेक वर्षं रणजी खेळला. इंदूरच्या होळकर संघात सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली खेळला. हा संघ म्हणजे त्या काळातला दादा संघ, चार वेळा रणजी विजेता. मुश्ताक अली, सरवटे, निंबाळकर अशी नावं त्यात. अशा ठिकाणी कोणी जुन्या ओळखीवर जागा देत नाही. रांगणेकरांच्या प्रथम श्रेणीतल्या धावा साडेचार हजारांवर गेल्या, सरासरी ४१ च्या पुढे, शतकं १५, सर्वोच्च धावसंख्या २१७. एका बाजूला ५.५०, दुसऱ्या बाजूला ४१. माणूस एकच. यातला खरा रांगणेकर कोणता? माझं उत्तर: दोन्ही. पण एक आकडा सहा डावांचा आहे आणि दुसरा कित्येक वर्षांचा. स्टॅटिस्टिक्समध्ये सॅम्पल साइज नावाचं प्रकरण आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. ते असं आयुष्यात वापरायचं असतं.

एक योगायोग सांगते. रांगणेकरांच्या जन्मानंतर बरोबर सात आठवड्यांनी, १५ ऑगस्ट १९१७ ला, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात जॅक लिंच जन्मला. तोही दोन खेळांचा माणूस. हर्लिंग हा तिकडचा काठी-चेंडूचा वेगवान खेळ, हॉकीसारखा, पण चेंडू हवेतही टोलवायचा. आणि गेलिक फुटबॉल, ज्यात हातपाय दोन्ही चालतात. लिंचने १९४१ ते १९४४ आणि १९४६ मध्ये हर्लिंगचं, तर मधल्या १९४५ मध्ये फुटबॉलचं अखिल आयर्लंड विजेतेपद कॉर्ककडून मिळवलं. ओळीने सहा वर्षं सहा विजेतेपदं! सरकारी नोकरी करत कायदा शिकून तो बॅरिस्टर झाला आणि पुढे देशाचा पंतप्रधान. त्या खेळांत पैसे मिळत नसत. रांगणेकरांच्या काळात इकडेही खेळून पोट भरत नसे. कदाचित म्हणूनच दोन खेळ खेळणं परवडत होतं. पोट कशावरच अवलंबून नव्हतं, म्हणून मन दोन्हीकडे लावता आलं.

पण दोन खेळ असले की निवड करायची वेळ येतेच. मद्रासचे एम. जे. गोपालन क्रिकेट आणि हॉकी दोन्हीत भारताकडून खेळलेले. १९३६ मध्ये त्यांच्यापुढे इंग्लंडचा क्रिकेट दौरा आणि बर्लिन ऑलिंपिक असा पेच आला. ते क्रिकेटकडे गेले. हॉकी संघ सुवर्णपदक घेऊन आला आणि गोपालनना इंग्लंडमध्ये एकही कसोटी मिळाली नाही. रांगणेकरांचं तसं झालं नाही. एका खेळाने हात आखडता घेतला, तरी दुसरा खेळ त्यांच्यापाशी होता. पुढे ते भारतीय बॅडमिंटन संघटनेचे अध्यक्ष झाले, आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचे उपाध्यक्षही. खेळाडू म्हणून दोन्हीकडे घाम गाळला होता, मग खुर्चीत बसूनही दोन्हीकडची कामं केली. ११ ऑक्टोबर १९८४ ला ठाण्यात त्यांचं निधन झालं.

आज आपल्या कांदिवलीत पूर्वेला आकुर्ली रोडवर ‘साई’चं केंद्र आहे, पश्चिमेला एमसीएचा जिमखाना आहे. तिथे जाणारी लहान मुलं बघा. दहा-अकराव्या वर्षी एक खेळ पक्का झालेला असतो. पालकांचंही चूक नाही, स्पर्धाच तशी आहे. आपलंही तेच. ब्रँच ठरली, करिअर ठरलं, आता नाटक नको, टीटी नको, फक्त प्लेसमेंट. मी स्वतः बॅडमिंटन रॅकेट दोनदा कपाटावर टाकली आणि दोनदा खाली काढली. एकच गोष्ट धरून बसलेल्याचं ती गोष्ट बिनसली की काय होतं, हे हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना आणि आपल्या सरांना-मॅडमना मी सांगायची गरज नाही.

ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या आवारात बॅडमिंटनचा हॉल आहे. त्याला खंडू रांगणेकरांचं नाव आहे. घोडबंदर रोडने कांदिवलीहून फार लांब नाही, ट्रॅफिक नसेल तर! एका कसोटीपटूचं नाव बॅडमिंटनच्या हॉलला. तिथे शटलमागे धावणाऱ्या पोरांना ५.५० ही सरासरी बहुतेक माहीतही नसेल. त्यांच्यासाठी रांगणेकर म्हणजे जिथे खेळायला मिळतं ती जागा. ज्याचा पॉइंटर यंदा बसला नाही त्याने एवढंच लक्षात ठेवावं, आणि मेसमध्ये वेळेवर जेवायला यावं.