विश्लेषण : हिपॅटायटिस ‘बी’ आणि यकृताच्या कर्करोगाचा संबंध कसा उलगडला? बरूक ब्लुमबर्ग यांचा शोध आजही का महत्त्वाचा?

जागतिक हिपॅटायटिस दिन दरवर्षी २८ जुलैला पाळला जातो. हिपॅटायटिस ‘बी’च्या विषाणूचा शोध लावणारे अमेरिकी शास्त्रज्ञ बरूक ब्लुमबर्ग यांचा हा जन्मदिवस. विशेष म्हणजे ते हा विषाणू शोधायला निघालेच नव्हते. मात्र त्यांच्या शोधातून रक्ताची चाचणी आली, लस आली आणि कर्करोगाचा एक प्रकार लसीने टाळता येतो, हे जगाला कळले.

ब्लुमबर्ग कोण होते?

त्यांचा जन्म १९२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते नौदलात होते. पदवी भौतिकशास्त्राची, त्यानंतर कोलंबिया विद्यापीठात गणिताचा अभ्यास. पण वकील असलेल्या वडिलांच्या सल्ल्याने ते वैद्यकशास्त्राकडे वळले आणि १९५१ मध्ये डॉक्टर झाले. त्याआधी, विद्यार्थी असतानाच, दक्षिण अमेरिकेतील सुरीनाममध्ये काही महिने काम करण्याची संधी त्यांना मिळाली होती. तिथे ऊसमळ्यांसाठी आणलेल्या भारतीय, जावानीज आणि आफ्रिकी मजुरांचे वंशज एकाच परिसरात राहत. हत्तीरोगाच्या जंतूंचा त्रास मात्र सर्वांना सारखा होत नव्हता. एकाच रोगाला दोन माणसांची शरीरे वेगवेगळा प्रतिसाद का देतात, हा प्रश्न तिथून त्यांच्या मागे लागला. पुढे ऑक्सफर्डमधून त्यांनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ म्हणजे काय?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी ब्लुमबर्ग जगभरातून रक्ताचे नमुने गोळा करत होते. ज्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीरात इतरांच्या रक्तातील अनोळखी प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. अशा रुग्णांचे रक्तद्रव वापरून ही प्रथिने ओळखता येतील, अशी त्यांची कल्पना होती. १९६३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका हिमोफिलिया रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या नमुन्याशी प्रतिक्रिया झाली. त्या नमुन्यातील अनोळखी प्रथिनाला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ हे नाव मिळाले. ते नेमके काय आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

काविळीशी संबंध कसा लागला?

हे प्रथिन रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये अधिक आढळले, म्हणून ब्लुमबर्ग यांनी त्या कर्करोगाचा धोका जास्त असलेल्या डाउन सिंड्रोमच्या रुग्णांची तपासणी केली. त्यांच्यातील एकाची चाचणी आधी नकारात्मक होती. १९६६ मध्ये ती अचानक सकारात्मक आली. हा गुण जन्मजात असता तर असे घडले नसते. अधिक तपासणीत त्या रुग्णाला मधल्या काळात यकृताचा दाह झाल्याचे दिसले. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ महिलेला बरे वाटेनासे झाले. तिने स्वतःचेच रक्त तपासले, तर त्यातही हे प्रथिन होते. त्यानंतर तिला काविळीची लक्षणे दिसू लागली. ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ हे विषाणूचे बाह्य आवरण असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रक्तपेढ्यांमध्ये त्याची चाचणी होऊ लागली आणि रक्तातून होणारा प्रसार रोखण्याचा मार्ग मिळाला.

लस कशी तयार झाली?

विषाणूच्या वाहकांच्या रक्तात रिकामी आवरणे मोठ्या प्रमाणात असतात. ती वेगळी करून शुद्ध केली तर संसर्ग न होता संरक्षण मिळेल, हे ब्लुमबर्ग आणि त्यांचे सहकारी आयर्विंग मिलमन यांनी ओळखले. १९६९ मध्ये त्यांनी या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९७६ मध्ये ब्लुमबर्ग यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. १९८१ मध्ये अमेरिकेत लसीला मान्यता मिळाली. १९८६ मध्ये रक्ताऐवजी यीस्टच्या साह्याने तयार केलेली लस आली.

कर्करोगाचा संबंध कशावरून?

तैवानमध्ये २२,७०७ पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूच्या वाहकांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट असल्याचे त्यात आढळले. १९८४ मध्ये तैवानने नवजात बाळांचे लसीकरण सुरू केले. त्यानंतर दहा वर्षांत मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आले. त्यामुळेच या लसीला कर्करोग रोखणारी पहिली लस म्हटले जाते.

भारतासाठी हे का महत्त्वाचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस ‘बी’चा दीर्घकालीन संसर्ग होता. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ प्रामुख्याने ‘ए’ आणि ‘ई’ विषाणूंमुळे होते. ‘बी’ पसरतो तो रक्त, असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित सुया, रेझर आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. एकत्र जेवल्याने किंवा हात मिळवल्याने तो पसरत नाही. बाळाला संसर्ग झाल्यास दहापैकी नऊहून अधिक वेळा तो कायम राहतो. प्रौढांमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असते.

काय करावे?

थकवा, भूक न लागणे, गडद लघवी, डोळे पिवळे होणे ही लक्षणे दिसताच रक्त तपासावे. काविळीची माळ घालून किंवा झाडपाल्यावर विसंबून वेळ दवडू नये. अनेकांना वर्षानुवर्षे कोणतेच लक्षण नसते, म्हणून गरोदर महिला, रुग्णाचे कुटुंबीय आणि पूर्वी रक्त घेतलेल्यांनी चाचणी करून घ्यावी. बाळाला जन्मानंतर २४ तासांत पहिला डोस आणि पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट लस द्यावी. सरकारी केंद्रांत ती मोफत असते. चाचणी सकारात्मक आली तरी घाबरू नये. औषधांनी विषाणू दबून राहतो. कर्करोगाचा धोका असलेल्यांची डॉक्टर साधारण सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात, त्यामुळे गाठ लहान असतानाच सापडू शकते.

ब्लुमबर्ग यांचे ५ एप्रिल २०११ रोजी निधन झाले. त्याच वर्षी भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस देशभर लागू झाली. २०१८ मध्ये त्यांच्या जन्मदिनीच देशाचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला असून, त्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत.