गाडीच्या बुशमधलं रबर टिकतं कारण एक माणूस त्यापायी कर्जात बुडाला होता

गाडी स्पीड ब्रेकरवरून गेली की खालून खट्ट असा आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. पुढचे टायर आतल्या कडेने झिजतात. मेकॅनिक खाली वाकतो, लोअर आर्मला पहार लावून हलवून बघतो आणि बुश गेल्याचं सांगतो.

हा बुश म्हणजे काय? धातूच्या दोन नळ्या, एकात एक बसवलेल्या आणि मधल्या जागेत रबर. बस्स. चाक खड्ड्यात गेलं की हे रबर पिळवटतं आणि परत जागेवर येतं. दिवसातून हजारो वेळा. मे महिन्याच्या उन्हातही आणि डिसेंबरच्या थंडीतही.

पण १८३९ च्या आधी असं रबर जगात कुठेच नव्हतं. ते शोधून काढणाऱ्या माणसाचं नाव चार्ल्स गुडइयर.

नाव ऐकून टायरची कंपनी आठवली असेल. त्या कंपनीचा आणि या माणसाचा संबंध किती, ते शेवटी सांगतो.

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात न्यू हेवन गावी. वडिलांचा हार्डवेअरचा धंदा होता. चार्ल्सनेही फिलाडेल्फियात हार्डवेअरचं दुकान टाकलं. ते बुडालं. त्या काळी अमेरिकेत कर्ज फेडलं नाही तर थेट तुरुंगात टाकायचे. तिथे त्याच्या वाऱ्या सुरू झाल्या.

१८३४ साली तो न्यूयॉर्कमधल्या एका रबर कंपनीच्या दुकानात गेला. जीव वाचवायच्या हवेच्या पट्ट्याला त्याने नवी झडप बनवली होती, ती विकायची होती. तिथे त्याला कळलं की झडप सुधारून काही उपयोग नाही, मूळ दुखणं रबराचंच आहे.

त्यावेळी अमेरिकेत रबराची लाट आली होती. बूट, टोप्या, कोट सगळं रबराचं. पण उन्हाळा आला की हा माल वितळून चिकट व्हायचा, घाण वास मारायचा. थंडीत लाकडासारखा कडक व्हायचा. गिऱ्हाईक माल परत आणून टाकत होतं आणि कंपन्या डबघाईला आल्या होत्या.

चार्ल्सला रसायनशास्त्राचं शिक्षण नव्हतं. तरी त्याने हे कोडं अंगावर घेतलं. पहिले प्रयोग तर त्याने तुरुंगात केले. बायको क्लॅरिसाने पोळपाटावरचं लाटणं आणून दिलं आणि तो कोठडीत बसून रबर मळू लागला.

पुढची पाच वर्षं त्याने रबरात हाताला लागेल ते मिसळलं. मॅग्नेशिया, चुना, नायट्रिक आम्ल. आम्लाने थोडं यश आलं आणि सरकारकडून टपालाच्या पिशव्यांचं कामही मिळालं. पण उन्हाळ्यात पिशव्या नुसत्या ठेवल्या जागी खराब झाल्या. पुन्हा शून्य.

या सगळ्याची किंमत घर मोजत होतं. सामान विकलं गेलं, भांडी गहाण पडली, मुलांची शाळेची पुस्तकंही विकली गेली. त्याची अनेक मुलं लहानपणीच दगावली.

नॅथॅनियल हेवर्ड नावाचा एक कारागीर रबरावर गंधक वापरत होता. चार्ल्सने त्याचे हक्क विकत घेतले. १८३९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीला लागलं. ते वितळायला हवं होतं, पण ते कातड्यासारखं करपलं. करपलेल्या भागाच्या कडेला मात्र लवचिक आणि टिकाऊ रबर तयार झालं होतं.

यामागचं विज्ञान सोपं आहे. कच्च्या रबराचे रेणू पातेल्यातल्या शेवयांसारखे लांब आणि सुटे असतात. तापले की एकमेकांवरून घसरतात. गंधक आणि उष्णता मिळाली की या धाग्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात. मग रबर ताणलं तरी परत जागेवर येतं.

किती गंधक, किती उष्णता आणि किती वेळ हे ठरवण्यात आणखी काही वर्षं गेली. १५ जून १८४४ रोजी त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं.

पण इंग्लंडमध्ये घात झाला. त्याच्या रबराचे नमुने तिकडे पोचले होते. थॉमस हॅनकॉकने ते तपासले, स्वतः प्रयोग केले आणि १८४३ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या पेटंटसाठी अर्ज केला. चार्ल्सचा अर्ज काही आठवडे उशिरा पोचला. व्हल्कनायझेशन हे नावसुद्धा हॅनकॉकच्या मित्राने दिलेलं. व्हल्कन म्हणजे रोमन लोकांचा अग्निदेव.

अमेरिकेतही पेटंट मोडणारे कमी नव्हते. १८५२ च्या गाजलेल्या खटल्यात डॅनियल वेबस्टर हे बडे वकील चार्ल्सच्या बाजूने उभे राहिले आणि जिंकले. त्यांची फी होती १५ हजार डॉलर.

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात चार्ल्सचा मोठा सन्मान झाला. त्याच पॅरिसमध्ये त्याला कर्जापायी तुरुंगातही जावं लागलं.

१ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्कमध्ये तो गेला. आजारी मुलीला भेटायला निघाला होता, वाटेतच तिच्या मृत्यूची बातमी मिळाली. मागे सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज राहिलं.

आणि ती टायर कंपनी? ती १८९८ साली ओहायोतल्या ॲक्रन गावात फ्रँक सायबरलिंगने सुरू केली. चार्ल्सचा किंवा त्याच्या घराण्याचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. नाव फक्त सन्मान म्हणून दिलं.

आता पुन्हा बुशकडे. घरी बुश बदलणार असाल तर एक गोष्ट चुकवू नका. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. आणि आर्मचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर आलेलं असू द्या. कारण बहुतेक बुशमध्ये रबर नळ्यांना चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, फक्त पिळवटतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो.

फाटलेला बुश वितळवून पुन्हा ओतता येत नाही, बदलावाच लागतो. कारण गंधकाचे ते पूल उष्णतेने सहज सुटत नाहीत. चार्ल्सने अर्धं आयुष्य घालवलं ते नेमकं याचसाठी, रबर वितळू नये म्हणून.