सहाशे सहा क्रमांकाची पिवळी भुकटी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उपदंश (सिफिलिस) हा घराघरांत लपवला जाणारा आजार होता. उपचार म्हणजे पारा. त्याने दात पडत, मूत्रपिंडे निकामी होत, आणि रोग बरा होईलच असे नसे. या रोगावर पहिले परिणामकारक औषध देणारे डॉक्टर म्हणजे जर्मनीचे पॉल एर्लिक.

एर्लिक यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन या गावी झाला; हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वैद्यकीचे शिक्षण घेतानाच त्यांना रंगांचे वेड लागले. कापडासाठी बनलेले कृत्रिम रंग ते पेशींवर टाकून पाहत. एखादा रंग एका पेशीला धरतो, शेजारच्या पेशीला धरत नाही, हे पाहून त्यांना वाटले, की जंतूला धरेल आणि माणसाला सोडून देईल असे रसायनही बनवता येईल. मधल्या काळात त्यांना क्षयाने गाठले, त्यातून ते बरे झाले. रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी १९०८ मध्ये त्यांना मेचनिकॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

फ्रँकफर्टमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत आर्सेनिकची शेकडो संयुगे तयार झाली. १९०९ मध्ये जपानी सहकारी साहाचिरो हाता यांना ६०६ क्रमांकाचे संयुग सशांमधील उपदंशावर गुणकारी आढळले. १९१० मध्ये ते ‘साल्व्हरसान’ नावाने बाजारात आले. त्याआधी सुमारे ६५ हजार मात्रा डॉक्टरांना मोफत वाटल्या गेल्या.

औषध गुणकारी होते. अडचण ते पाण्यात विरघळवण्याची होती.

पाण्याच्या रेणूला किंचित धन आणि किंचित ऋण अशी दोन टोके असतात. विद्युतभार असलेल्या किंवा साखरेसारखे हायड्रॉक्सिल गट असलेल्या रेणूंना पाणी चहूबाजूंनी धरून ठेवते. तुपाच्या रेणूत कर्बाच्या लांब साखळ्या असतात. पाण्याला धरायला तिथे फारसे काही नसते, म्हणून तूप वरणावर तरंगते. साल्व्हरसानच्या रेणूत कर्बाची वलये होती. त्याला भार असेल तरच तो पाण्यात नीट विरघळे.

औषध येई ते हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात. ही पिवळी भुकटी पाण्यात विरघळे, पण द्रावण तीव्र आम्लधर्मी होई; ते शिरेत देणे धोक्याचे. म्हणून डॉक्टर त्यात थेंबाथेंबाने कॉस्टिक सोडा घालत. आम्ल संपत आले की रेणूवरचा भार जाई आणि औषध गाळासारखे खाली बसे. आणखी सोडा घातला, की दुसऱ्या टोकाला ऋण भार येऊन ते पुन्हा विरघळे. हे सगळे रुग्णाजवळ, निर्जंतुक राखून आणि घाईने करायचे. कारण हवा लागली की औषध अधिक विषारी होई. स्नायूत दिले तर वेदना असह्य होत. काही रुग्ण दगावले. एर्लिक यांच्यावर जाहीर आरोप झाले. १९१४ मध्ये बदनामीच्या खटल्यात आरोप करणाऱ्यालाच शिक्षा झाली.

एर्लिक यांनी तोवर रेणूच बदलला होता. त्यांनी त्याला सोडियमचा क्षार असलेला एक गंधकयुक्त गट जोडला. हा भार कायमचा असल्याने ९१४ क्रमांकाचे ‘निओसाल्व्हरसान’ साध्या पाण्यात सहज विरघळले. १९१२ मध्ये ते वापरात आले. गुण थोडा कमी होता, पण द्यायला ते खूप सोपे होते. २० ऑगस्ट १९१५ रोजी एर्लिक यांचे निधन झाले. पुढे चाळीसच्या दशकात पेनिसिलिनने त्यांच्या औषधांची जागा घेतली.

आज औषधाच्या वेष्टनावर नावापुढे ‘सोडियम’ किंवा ‘हायड्रोक्लोराइड’ दिसते, ते बहुतेक वेळा याच कारणासाठी. उपदंशावर मात्र आज नेमके उलटे केले जाते. बेंझाथिन पेनिसिलिन मुद्दाम कमी विरघळणारे बनवलेले असते. ते स्नायूत साठून हळूहळू विरघळते आणि सुरुवातीच्या उपदंशाला त्याचे एकच इंजेक्शन सहसा पुरते. हा आजार अजून गेलेला नाही. गर्भवतीची रक्ततपासणी वेळेवर झाली, तर हेच इंजेक्शन बाळालाही वाचवते.